बिनखड्ड्याचं झाड

चंद्रभान सरकट्यांसारखा खड्डा अख्ख्या उमरोळीत कुणी खणत नाही, आणि माझं विचाराल तर कुणी खणूही नये.

हे मी रागानं सांगत नाही. राग होता, तो आता गेला. माझी बोईसरकडं जाणाऱ्या रस्त्यावर रोपांची नर्सरी आहे. हिरव्या जाळीखाली काळ्या पिशव्या, बाहेर दोन जास्वंदी आणि 'दीपा नर्सरी' अशी पाटी. रोप रिक्षात चढलं की त्याचा नि माझा संबंध संपतो. सरकटेभाऊंच्या बाबतीत तो संपला नाही, कारण त्यांचं घर नर्सरीला लागूनच मागं आहे. रोपं तिकडं कशी मरतात ते मला भांडी घासता घासता दिसायचं.

माणूस म्हणाल तर सरळ. बुलढाण्यातल्या मेहकरकडचे. तरुणपणी बोईसरच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. तोंडात शिवी नाही, आवाज चढत नाही, शर्टाचं वरचं बटण भर मे महिन्यातही लावलेलं. फिटर म्हणून बरे होते असं त्यांच्याबरोबरचे सांगतात. पण कारखान्यात त्यांचं नाव झालं ते खड्ड्यांमुळं.

दर जूनला तिथं पर्यावरण दिन असायचा. मंडप, हार, पाहुणे, फोटो. पाहुण्यांनी रोप खड्ड्यात ठेवायचं, वर चिमूटभर माती टाकायची आणि चहाला जायचं. एका वर्षी खड्डा खणायचं काम भाऊंकडं आलं. त्यांनी असा खणला, की मोठ्या साहेबांनी झाड बाजूला ठेवून आधी खड्ड्यातच वाकून पाहिलं. चारही बाजू ओळंब्यात. तळ सपाट. कडेला चुन्याची रेघ आणि रेघेला गेरूची किनार. पाहुण्यांचे बूट मळू नयेत म्हणून आडवी फळी. तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत खड्डा म्हटलं की सरकटे. शेजारी पत्र्याची पाटी लागायची, 'अमुक साहेबांच्या शुभहस्ते', तीही भाऊच रंगवायचे. अक्षर सुरेख आहे त्यांचं.

"ती झाडं जगली का हो?" मी एकदा विचारलं.

"पाणी कोण घालतं, ताई?" भाऊ म्हणाले. "साहेब लोक फोटो काढतात अन् जातात. पुढच्या वर्षी मी तोच खड्डा साफ करून देत होतो. खड्डा चांगला होता."

मला तेव्हाच शंका यायला हवी होती, पण दुकानात गिऱ्हाईक होतं.

त्यांच्या बायकोचं नाव राहीबाई. मी राहीवहिनी म्हणते. वहिनींचं माहेरही मेहकरकडचंच, आणि त्या माहेराला अंगण, आणि अंगणात भलामोठा कडुनिंब. वाळवण निंबाखाली, पाहुणे निंबाखाली, भावाभावांची भांडणंसुद्धा निंबाखाली. लग्न होऊन बोईसरला आल्या त्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. जिना चढून वर आल्यावर त्यांनी नवऱ्याला पहिला प्रश्न विचारला तो असा : "अंगण कुठी हाय?"

"होईल," भाऊ म्हणाले होते. "अंगण होईल. निंब पण लावू."

मग पोरगा झाला, मोठा झाला, शिकला, पुण्याला गेला, त्याचं लग्न झालं, आणि अंगण होईल होईल करत राहिलं. वहिनींनी रंगाच्या रिकाम्या डब्यात तुळस लावली आणि तिच्यावर भागवलं. निवृत्तीनंतर भाऊंनी उमरोळीला हा प्लॉट घेतला, दोन खोल्या आणि पडवी बांधली आणि चारही बाजूंनी जागा मोकळी सोडली. तिकडं भाग्येश, म्हणजे त्यांचा मुलगा, सारखा फोन करायचा. आई-बाबा इकडं या, मोठा फ्लॅट आहे, लिफ्ट आहे, नातू विचारतो. वहिनींनी याचा सरळ हिशेब केला होता. तो त्यांनी मला कुंपणावरून सांगितला.

"फ्लॅटमंदीच राहायचं त पोराजवळ काहून नको? इथं राहायचं त निंब पाहिजे. निंबाशिवाय इथं काय हाय मले?"

"नवरा हाय की," मी म्हटलं.

"तो तिकडं पण येईल," वहिनी म्हणाल्या.

येणार नव्हते, हे आम्हा दोघींना माहीत होतं. पुण्याच्या फ्लॅटमध्ये भाऊंना दोन दिवसांत कोंडल्यासारखं होतं. तिसऱ्या दिवशी ते बिल्डिंगच्या बागेत माळ्याला खड्डा शिकवायला लागतात. म्हणजे वहिनी गेल्या तर हा माणूस इथं एकटा पिठलं ढवळत बसणार. सगळं त्या एका झाडावर येऊन थांबलं होतं.

आता झाड निवडायला लोक कसे येतात ते सांगते. आधी विचारतात, फळ कधी येईल? मग विचारतात, कचरा किती पडेल? एकाला तर पानं न गाळणारं, मुळं न पसरणारं, पक्षी न बसणारं, पण गार सावलीचं झाड पाहिजे होतं. मी त्याला म्हटलं, पत्र्याची शेड मारा. घराला झाड द्यायचं तर मी तीन गोष्टी विचारते. संडासाची टाकी कुठं, विजेची तार कुठून जाते, आणि श्रावणात पाणी कुठं साचतं. पहिल्या दोन गोष्टी सांगतात. तिसरीवर सगळे म्हणतात, आमच्याकडं साचत नाय.

साचतं. सगळ्यांकडं साचतं. आमची जमीन मूळची भातखाचरांची. प्लॉट पाडले, वर मुरूम टाकला, नावापुढं 'नगर' लावलं, तरी खालच्या चिकणमातीला अजून भातच आठवतं. आषाढात हात-दोन हात खणलं की पाणी वर येतं. म्हणून आमच्याकडं मातीचा उंचवटा करतात आणि झाड त्याच्यावर बसवतात. मेहकरकडं बरोबर उलटं. तिकडं पाऊस आल्या पावली परत जातो, म्हणून खड्डा खोल, की आलेलं पाणी धरून ठेवावं. तिकडचं तिकडं बरोबर, इकडचं इकडं बरोबर. पण मेहकरचा खड्डा उमरोळीत खणला तर तो हौद होतो, आणि हौदात बसवलेला निंब बुडून मरतो.

भाऊ झाड घ्यायला नर्सरीत आले तेव्हा शेजारीपाजारीही सल्ला द्यायला हजर होते. चिंचणीच्या प्रदीपचं म्हणणं, माड लावा, माडाला काय करावं लागत नाय. दुसऱ्यानं सांगितलं, दारात शेवगा नको, घरात कटकट होते. त्याच्या दारात शेवगा नव्हता आणि कटकट आम्हाला रस्त्यापर्यंत ऐकू यायची. मी चिकू काढून दाखवला, पाणीदार फळांचा पांढरा जाम दाखवला, घोळवडची माझी चांगली कलमं होती. भाऊंनी सगळ्यांचं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि कडुनिंबाचं रोप उचललं.

"हिच्यासाठी पाहिजे," ते म्हणाले. मग मी काय बोलणार?

त्याच दिवशी त्यांनी खड्डा खणला. मी कुंपणावरून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. माणूस छातीपर्यंत आत.

"भाऊ, झाड लावताय का विहीर खणताय?"

"खड्डा खोल त मूळ खोल, ताई," ते आतून म्हणाले. समजूत घालावी तसे.

"अवो, इथं पाणी साचतं. उंचावर लावा. माझं ऐका."

"पाणी साचलं त चांगलंच ना."

त्यांनी खालची माती बाहेर काढून मागच्या भिंतीशी रचली, खड्ड्यात विकतची लाल माती आणि शेणखत भरलं, कडेला चुना मारला, गेरू मारला. श्रावणात पानं पिवळी पडायला लागली. भाऊंना वाटलं, झाडाला पाणी कमी पडतंय. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, बाहेर धो धो कोसळतोय आणि हा माणूस एका हातात छत्री धरून दुसऱ्या हातानं झाडाला पाणी घालतोय. गणपतीच्या आधी झाड गेलं.

"खड्डा लहान झाला," भाऊ म्हणाले.

दुसऱ्या वर्षी त्यांनी जागा बदलली आणि चूक तीच ठेवली. हा खड्डा आणखी खोल. झाड गेलं. तोवर मागच्या भिंतीशी मातीचा चांगला मोठा ढीग झाला होता. तोही भाऊंनी फावड्यानं थापून, कडा सरळ करून ठेवलेला. दुसऱ्या वर्षीचं रोप मी त्यांना देणार नव्हते. मी म्हटलं, भाऊ, तुमी दुसऱ्या कुणाचं तरी रोप मारा. ते हसले आणि बोईसरहून घेऊन आले. खरंच सांगते, चांगल्या माणसावर चिडणं फार त्रासाचं असतं. शिवी देता येत नाही आणि गिळताही येत नाही. मी हात टेकले.

तिसऱ्या वर्षी त्यांनी पुन्हा कुदळ काढली, तेव्हा वहिनी बोलल्या. पडवीत बसून गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "या पावसाळ्यात निंब उभा राहिला त राहीन. नाही त दिवाळीले भाग्येशकडं जाईन, ते तिथंच."

त्या वर्षीचा खड्डा भाऊंनी सगळ्यात मन लावून खणला.

ज्येष्ठाच्या शेवटी वहिनी माहेरी गेल्या, भाचीच्या लग्नाला. परत आल्या तेव्हा आमच्याकडं भाताची लावणी चालू होती. आल्या त्या तशाच पिशवी घेऊन कुंपणाशी आल्या आणि मला स्टीलचा डबा उघडून दाखवला. आत ओल्या फडक्यात पिकलेल्या निंबोळ्या.

"भावानं निंब पाडला," वहिनी म्हणाल्या. "स्लॅब टाकायचा हाय तिथं. मी होते तवाच पाडला. खाली पडल्या होत्या, त्या वेचल्या."

"रडलात का वहिनी?"

"लग्नघर होतं. काम होतं."

मग त्या मागच्या भिंतीकडं गेल्या, मातीच्या ढिगावर चढल्या, बोटानं भोकं पाडली आणि निंबोळ्या आत दाबल्या. मी विचारलं, ढिगावर का? मला वाटलं, माझं उंचवट्याचं बोलणं निदान एका माणसानं तरी ऐकलं.

"तेवढीच जागा यांनी खणली नाही," वहिनी म्हणाल्या.

भाऊ बघत होते. "ढिगाऱ्यावर? खड्डा नाही, काही नाही?"

"तुम्ही तुमचं लावा. मी माझं लावते."

त्या पावसाळ्यात भाऊंचं तिसरं झाड नेहमीच्या वेळेला गेलं. त्यात आता कुणाला नवल राहिलं नव्हतं. आतली माती खचून बसलेले तिन्ही खड्डे पाण्यानं काठोकाठ भरले आणि बेडकांनी रात्रभर उच्छाद मांडला. ढिगावर मात्र निंबोळ्या रुजल्या. बऱ्याच गोगलगाईंनी खाल्ल्या, काही अशाच गेल्या, एक राहिली. लाल-हिरवी, कातरलेली चार पानं. वहिनी रोज सकाळी चहाची कपबशी घेऊन तिच्यापाशी जाऊन उभ्या राहायच्या. पाऊस असला तर डोक्यावर पोतं घ्यायच्या. नवऱ्याला काही दाखवायच्या नाहीत. नवऱ्यानं विचारलं नाही.

मी मनात म्हटलं, आता सुटलो. गणपती गेले, ऊन पडायला लागलं, आणि एका सकाळी भांडी घासताना पाहते तर भाऊ चौथा खड्डा खणून मोकळे. चुना मारलेला, गेरू मारलेला, बांबूचं कुंपण तयार. हातात फावडं घेऊन ते ढिगाकडं निघाले होते. आणि वहिनी ढिगावर, रोपाच्या पुढ्यात फतकल मारून बसलेल्या.

"दीपा!" वहिनींनी हाक मारली. मी तशीच राखेच्या हातानं पळाले.

"काय झालं, भाऊ?"

"काही नाही, ताई. रोप चांगलं आलं. आता त्याले इथं ढिगाऱ्यावर ठेवणं बरं नाही दिसत. नीट जागेवर घेतो."

"त्याले हात लावला त मी आजच जाते," वहिनी म्हणाल्या. "दिवाळीपर्यंत पण नाही थांबत. माझ्या माहेरचं एवढंच उरलं हाय. बाकी सगळं पाडलं. हे पण तुमच्या खड्ड्यात घालू का मी?"

वहिनींचा आवाज तेवढाच एकदा फुटला. भाऊ जागच्या जागी थांबले. त्यांनी रोपाकडं पाहिलं, मग खड्ड्याकडं, मग अंगणातल्या त्या तीन डबक्यांकडं. मग माझ्याकडं वळले.

"ताई, खरं सांगा. ती तिन्ही खड्ड्यानं मेली?"

तीन वर्षं मी हेच त्यांच्या तोंडावर सांगायची वाट पाहत होते. आता विचारलं, तर माझी जीभ उचलेना. त्यांच्या शर्टाचं वरचं बटण लावलेलं होतं आणि केसांना चुना लागला होता.

"हो, भाऊ."

"अन् कंपनीतली?"

"ती जमीन पण आमच्यासारखीच असेल, भाऊ. खाचराची."

"म्हणजे ती पण."

मला फार वाईट वाटलं. एवढ्या वर्षांत एकही झाड नाही, आणि हा माणूस दर वर्षी नवीन हौसेनं चुना कालवत होता.

"मी साहेब लोकांले नावं ठेवत होतो," भाऊ म्हणाले. "पाणी घालत नाहीत म्हणून."

त्यांनी फावडं भिंतीला टेकवलं. खाली बसले, ढिगाच्या पायथ्याशी, वहिनींपासून चार हातांवर. जरा वेळानं वहिनी उठल्या आणि चहा टाकायला आत गेल्या. मला वाटतं, ती त्यांची परवानगी होती. भाऊंनी रोपाला हात लावला नाही. नुसते जवळून पाहत राहिले.

"खड्डे बुजवायला पाहिजेत मग," ते म्हणाले. "पण बुजवायची माती त इथं हाय. अन् माती हलवली त झाड हलतं."

"बुजवू नका. अळू लावा," मी म्हटलं. "अळूला पाण्यात पाय ठेवायला आवडतं."

अळूचे कंद मी त्यांना माझ्याकडचे दिले. बघता बघता चारही खड्ड्यांत हातभर पानं झाली. सगळ्या आळीनं त्या वर्षी सरकट्यांच्या खड्ड्यातल्या अळूवड्या खाल्ल्या आणि खड्डा चांगला आहे असं पहिल्यांदाच लोकांनी म्हटलं. चिकूचं एक कलम आणि पांढऱ्या जामाचं एक, अशी दोन झाडं भाऊंनी माझ्याकडून नेली, टाकीपासून लांब, तारेपासून लांब, आणि दोन्ही मातीच्या उंचवट्यावर लावली. उंचवटे इतके गोल आणि इतके सारखे होते की मी पुन्हा कपाळाला हात लावणार होते. लावला नाही. झाडं जगली.

दिवाळीच्या आधी एका सकाळी ढिगाशी पत्र्याची पाटी दिसली. चुन्याच्या पांढऱ्यावर गेरूची अक्षरं, कारखान्यातल्यासारखीच सुरेख. मी कुंपणाशी जाऊन वाचली.

'कडुनिंब. सौ. राहीबाई चंद्रभान सरकटे यांच्या शुभहस्ते. खड्डा : नाही.'

मी वाचली आणि तिथंच उभी राहिले. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतही काहीतरी यायला लागलं होतं. गिऱ्हाईक हाका मारत होतं, मारू दे म्हटलं.

वहिनी ढिगावरच बसल्या होत्या, तांदूळ निवडत. झाड अजून वीतभरही नव्हतं. त्याची सावली पडून पडून पडणार किती, सुपाएवढी. वहिनींनी त्या सावलीत सूप ठेवलं होतं आणि आपण उन्हात बसल्या होत्या. शेजारी फोन होता, आवाज मोठा करून ठेवलेला. पलीकडून भाग्येश विचारत होता, आई, बॅग भरली का, गाडीचं बुकिंग कधीचं करू?

"नको करू," वहिनी म्हणाल्या. "मी नाही येत."

"अगं, पण तू म्हणाली होतीस ना? झाडाचं काय, बाबा आहेत की तिथं. बाबा बघतील झाडाकडं."

वहिनींनी पडवीकडं पाहिलं. भाऊ तिथं कोपऱ्यात बसून कुदळीला तेल लावत होते.

"म्हणूनच नाही येत," वहिनी म्हणाल्या, आणि सूप सावलीबरोबर थोडं सरकवून घेतलं.